डेस्कवरून उठल्यावर: लेखन-संपादनाचं स्वतंत्र काम नागपुरात कसं उभं करायचं

दैनिकाच्या संपादकीय डेस्कवरची नोकरी सोडली त्या आठवड्यात मला वाटलं, फोन बिघडला. सतरा वर्षं सकाळी सातपासून ‘मॅडम, छोटीशी का होईना, पण लावून द्या’ सुरू व्हायचं. आता दिवसभर फोन गप्प. रेंज होती, रिचार्जही होता. ते सगळे फोन खुर्चीला येत होते, आणि खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलं होतं.

हे आधी सांगते, कारण दैनिकातून बाहेर पडणारे बहुतेक जण एकाच हिशेबावर बाहेर पडतात: ‘माझ्या ओळखी आहेत, काम मिळेल.’ काम मिळतं हो. पैसे मिळत नाहीत. ज्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं फुकट लावल्या, त्यांच्या डोक्यात आपलं लिहिणं फुकटच असतं. मला आजवर जे पैसे मिळाले ते डेस्कच्या सवयींचे: लांबलेला मजकूर कापणं, नाव-आकडा तपासल्याशिवाय पुढे न सोडणं, आणि सांगितलेल्या वेळी पान देणं. या तीन गोष्टी बाहेरच्या जगात किती दुर्मीळ आहेत हे डेस्कवर बसून कळत नाही. तिथे त्या सगळ्यांनाच येतात.

म्हणून पुढे जे लिहिते आहे ते बायलाइनवाल्यांपेक्षा (ज्यांच्या नावानं बातमी छापली जाते ते) डेस्कवाल्यांना जास्त उपयोगी पडेल. बीटवरचे, म्हणजे एकेक विषय धरून बाहेर बातमीदारी करणारे, मित्र रागावतील, पण मला दिसलेलं असं आहे की पाच-सहा वर्षं डेस्कवर काढलेला माणूस या कामात लवकर स्थिरावतो.

राजीनामा देण्याआधी

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. तीन महिन्यांचा पुरत नाही. पहिलं काम मिळायला दोन महिने जातात, ते संपवायला एक, आणि पैसे यायला आणखी दोन.

कचेरीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरीत असतानाच मनुष्यबळ विभागाला विचारा. घरात सत्तरीच्या पुढची माणसं असतील तर याच प्रश्नावर राजीनाम्याची तारीख ठरवा. भविष्य निर्वाह निधीत नाव, जन्मतारीख, आधार जुळतंय का ते पाहून घ्या. चूक असली तर ती दुरुस्त करायला मालकाची मंजुरी लागू शकते, आणि बाहेर पडल्यावर तुमच्या अर्जाची घाई कुणाला नसते. दहा वर्षं भरली असतील तर वयाच्या ५८व्या वर्षापासून निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. भरली नसतील तर पैसे उचलण्याआधी स्कीम सर्टिफिकेटची चौकशी करा, पुढे कुठे नोकरी धरलीत तर आधीची वर्षं जोडली जातात. ग्रॅच्युइटीसाठी इतरांना पाच वर्षं लागतात; श्रमिक पत्रकारासाठी २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती अट तीन वर्षांची आहे. किती जणांना हे माहीत नसतं!

आता तुमच्या लिहिलेल्या मजकुराबद्दल. कॉपीराइट कायदा १९५७चं कलम १७ एकदा नीट वाचा. दैनिकाच्या नोकरीत, दैनिकात छापण्यासाठी लिहिलेल्या मजकुराचा हक्क मालकाकडे जातो, पण तो वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता. वेगळा करार नसेल तर बाकी सगळ्या बाबतींत पहिला हक्क लेखकाचाच. म्हणजे तुमच्या सदराचं पुस्तक करायचं असेल तर दार बंद नाही. मात्र नेमणूकपत्रात काय लिहून दिलंय ते आधी पाहा. आपण नोकरीला लागताना कुणी वाचलेलं नसतं ते.

आणि आपले लेख, पुरवण्यांची पानं, विशेषांक पीडीएफ करून घरी ठेवा. कचेरीचा ईमेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो. माझा दुपारी चारलाच झाला.

नेमकं काय विकायचं

‘मी लिहिते आणि संपादन करते’ एवढ्यावर कुणी काम देत नाही. समोरच्याला त्यातलं काय हवंय हे त्यालाच ठाऊक नसतं. त्यामुळे हे चार प्रकार आधी आपल्या डोक्यात स्वच्छ हवेत, कारण चारही कामांचा वेळ वेगळा आणि म्हणून दर वेगळा.

मुद्रितशोधन म्हणजे पान लागल्यानंतरची शेवटची नजर. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेली ओळ, चुकलेला पानक्रमांक. वाक्याला हात लावायचा नाही. भाषा-संपादनात वाक्य सरळ करायचं, पुनरुक्ती काढायची, शब्दांत एकवाक्यता आणायची. आशय-संपादनात प्रकरणांचा क्रम, कुठला भाग कमी, कुठला जास्त, कुठल्या दाव्याला आधार नाही, हे लेखकाला सांगायचं. आणि पुनर्लेखन म्हणजे मुद्दे त्याचे, मजकूर तुमचा.

‘ताई, फक्त शुद्धलेखन पाहून द्या’ असं म्हणून आलेलं दहापैकी सात वेळा पुनर्लेखनाचं काम असतं. एक नमुना देते. एका संस्थेच्या अहवालातलं वाक्य असं होतं: ‘सदर उपक्रमाच्या माध्यमातून परिसरातील महिला लाभार्थ्यांना कौशल्यवृद्धीच्या दृष्टिकोनातून प्रशिक्षण देण्याचे कार्य यशस्वीरीत्या करण्यात आले.’ यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी फोन करून विचारलं: कोणत्या गावात, किती बाया, काय शिकवलं, पुढे काय झालं? उत्तरं आली आणि वाक्य झालं: ‘चार गावांतल्या ६२ महिला शिवणकाम शिकल्या; त्यातल्या १९ जणी आज शाळांचे गणवेश शिवतात.’ शब्द जवळजवळ तेवढेच. पण मधे चार प्रश्न आणि वीस मिनिटांचा फोन आहे. पैसे त्या फोनचे घ्यायचे असतात.

पाचवा प्रकार भाषांतराचा, आणि नागपुरात तो फार मोठा आहे. हे शहर हिंदी ऐकत, हिंदी बोलत मराठी लिहितं. ‘माझी मदत कर’ हे इथं सुशिक्षित घरांतही सर्रास चालतं. हिंदीतून मराठीत आलेले मसुदे तपासताना एक यादी भिंतीवर चिकटवून ठेवा. हिंदीतलं ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, आपलं संशोधन वेगळं. हिंदीतली ‘शिक्षा’ शाळेत मिळते, आपली तुरुंगात. त्यांची ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. त्यांचा ‘राजीनामा’ म्हणजे तडजोडीचा लेख. ‘कायद्यात संशोधन झाले’ हे वाक्य मी छापील पत्रकात पाहिलं आहे, आणि ते पत्रक वकिलांच्या कार्यक्रमाचं होतं.

इंग्रजीतून मराठी करताना दर नेहमी मूळ इंग्रजी शब्दांवर सांगा. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, ‘अ’ आणि ‘द’सारखी उपपदं नसतात, त्यामुळे मराठीतले शब्द मोजले तर कमी भरतात. काम तेवढंच, बिल लहान.

नागपुरात पैसे देणारे कोण

मुंबई-पुण्यात प्रकाशनगृहं आहेत, जाहिरात कंपन्या आहेत, मालिका आहेत. आपल्याकडे ते थोडं. पण आपल्याकडे जे आहे ते तिकडे नाही, आणि इथले पत्रकारच त्याकडे ग्राहक म्हणून पाहत नाहीत, कारण ते त्यांच्या बीटवर असतं.

संशोधन संस्था घ्या. नीरी (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था), केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था, मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, हे सगळं एका शहरात. शास्त्रज्ञ इंग्रजीत लिहितात आणि वाचणारा शेतकरी मराठीत वाचतो. हे अंतर भरून काढणारा माणूस लागतो. सरकारी संस्थांचं काम दरपत्रक, निविदा, मंजुरी या वाटेनं येतं आणि पैसे उशिरा येतात, पण येतात. तिथं थेट घुसण्यापेक्षा त्यांच्यासोबत प्रकल्प करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांकडून सुरुवात सोपी.

त्या संस्था गडचिरोली, मेळघाट, यवतमाळ अशा पसरलेल्या असतात आणि कचेऱ्या बहुतेकदा नागपुरात. कंपनी कायदा २०१३प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. तो खर्च कुठे झाला हे दाखवायला अहवाल लागतो, यशोगाथा लागतात, फोटोओळी लागतात. मार्च संपला की एप्रिल ते ऑगस्ट हा अहवालांचा हंगाम.

मग वकील. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचं कामकाज इंग्रजीत चालतं आणि खालून येणारे पंचनामे, फेरफार, ग्रामसभेचे ठराव, जबाब मराठीत. सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या वकिलाकडे नियमित भाषांतर सुरू झालं तर महिन्याचं किराणाबिल सुटतं. पण हे काम येरागबाळ्याचं नव्हे. ‘कब्जा’, ‘वहिवाट’ आणि ‘ताबा’ यांत घोळ केलात तर कुणाची तरी शेती जाईल. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जवळ ठेवा आणि शंका आली तर वकिलाला विचारा, अंदाज बांधू नका.

धंतोली-रामदासपेठेत ओळीनं दवाखाने आहेत. डिस्चार्जनंतरच्या सूचना, आहाराचं पत्रक, शस्त्रक्रियेपूर्वीचं संमतिपत्र हे बहुतेक ठिकाणी इंग्रजीत किंवा यंत्रानं केलेल्या मराठीत असतं. मी अशाच एका पत्रकात ‘रुग्णाला उपाशी पोटी प्रवेश द्या’ वाचलं. डॉक्टरला ते दाखवलं, तो हसला, आणि मग म्हणाला, बाकीची पण पाहून टाका.

आता ज्यावर माझं खरं घर चाललं ते: निवृत्त माणसं. प्राध्यापक, अभियंते, वेकोलिचे (वेस्टर्न कोलफिल्ड्सचे) अधिकारी, शिक्षक. आत्मचरित्र, वडिलांचं चरित्र, सासूबाईंच्या कविता, साहेबांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ, शाळेची शतकोत्तर स्मरणिका. साहित्यवाले याला नाक मुरडतात. मुरडू द्या. या माणसांकडे सांगण्यासारखं असतं, निवृत्तीचे पैसे असतात आणि ते व्यवहाराला सचोटीचे असतात. यांना संपादनापासून छपाईपर्यंत हात धरून नेणारं कुणी मिळालं तर ते आणखी तिघांना तुमचा नंबर देतात. त्यासाठी छपाईची अक्षरओळख हवी: फर्मा, म्हणजे छापून दुमडलेला एक मोठा कागद, सोळा पानांचा, त्यामुळे पानं त्या पटीत ठेवा, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्याचे कुणी पैसे मागत असेल तर तो आपल्या धावपळीचे मागतोय.

दिवाळी अंकांचं संपादन जून ते सप्टेंबर. पैसे यथातथा, पण ओळख होते. डिसेंबरच्या अधिवेशनाच्या आगेमागे आमदारांचे कार्यअहवाल निघतात. राजकीय काम घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. घेतलंत तर पूर्ण रक्कम आधी. निकालानंतर जिंकलेला भेटत नाही आणि हरलेला फोन उचलत नाही.

एक काम मात्र घेऊ नका: कुणाचा तरी पीएचडीचा प्रबंध ‘लिहून’ देणं. विद्यापीठाच्या गावात ही मागणी महिन्याला एकदा येतेच, आणि रक्कम ऐकून जीव हलतो. भाषा तपासणं, संदर्भांची मांडणी एकसारखी करणं हे संपादन आहे. प्रकरण लिहिणं ही फसवणूक आहे. आणि ‘साम्य दहा टक्क्यांच्या आत आणून द्या’ म्हणजे यूजीसीच्या २०१८च्या नियमांतून सुटायला शब्द फिरवून द्या; तेही त्यातच आलं.

पहिलं काम कसं मागायचं

दैनिकातली कात्रणं पाठवून काही होत नाही. खाणींवरची तुमची मालिका भले गाजली असेल, संस्थेच्या संचालकाला तिच्यात आपला अहवाल दिसत नाही. त्याला त्याचाच मजकूर सुधारलेला दाखवा. मी संस्थेचं संकेतस्थळ उघडायचे, मागच्या वर्षीच्या अहवालातलं एक पान निवडायचे, आणि असं पत्र पाठवायचे:

‘नमस्कार. मी नागपुरात राहते. सतरा वर्षं मराठी दैनिकाच्या संपादन विभागात होते. आपला मागील वर्षाचा अहवाल वाचला. पान ९ वरची शेततळ्यांची माहिती महत्त्वाची आहे, पण ती तक्त्यात हरवते. त्या एका पानाचं पुनर्लेखन सोबत जोडलं आहे. यंदाच्या अहवालाचं काम बाहेर देणार असाल तर दर आणि लागणारा वेळ कळवीन.’

बस, इतकंच. ‘आपल्या महान कार्याने प्रभावित होऊन’ वगैरे नको. अशी वीस पत्रं पाठवा, तीनचार उत्तरं येतील, एक काम मिळेल. आठवड्यानं एकदा फोन करा, दुसऱ्यांदा नको. एक पान फुकट करून देणं आणि ‘आधी पंधरा पानं करून दाखवा’ यात फरक आहे. दुसरं मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

दर

इथं सगळे अडतात. पत्रकाराला पैसे मागायची सवयच नसते. मागणं म्हणजे काहीतरी वाईट, असं आपल्याला शिकवलेलं असतं आणि ते त्या नोकरीत बरोबरही होतं. आता नाही.

मी हिशेब असा मांडला. घरखर्च महिन्याला ४५,००० धरा. विमा, इंटरनेट, वीज, संगणकाची दुरुस्ती १०,०००. कर आणि रिकाम्या महिन्यांसाठी ५,०००. झाले ६०,०००. दिवसाला आठ तास बसलात तरी पैसे मिळणारं काम पाच तासांपुढे होत नाही. बाकी फोन, पत्रं, बिलं, समजावणं. महिन्याचे वीस दिवस म्हणजे शंभर तास. तासाला ६०० रुपये.

आता घड्याळ लावून स्वतःचा वेग मोजा. समजा २५० शब्दांचं पान धरून भाषा-संपादनाची पाच पानं तासात होतात. पानाला १२० रुपये झाले. दोनशे पानांचं पुस्तक चाळीस तास, २४,००० रुपये. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण रीत हीच ठेवा. मग कुणी ‘पानाला तीस रुपयांत करून देतात बाहेर’ म्हणालं तर राग येत नाही. तीस रुपयांत ६०० कमवायचे तर तासाला वीस पानं, पाच हजार शब्द, करावी लागतील. एवढ्या वेगात संपादन होत नाही, पानं उलटणं होतं. हे समोरच्याला सांगायचं नाही. स्वतःला सांगायचं.

दर सांगण्याआधी हस्तलिखिताच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी पाच-सहा पानं करून पाहा. सुरुवात प्रत्येकानं घासूनपुसून लिहिलेली असते. खरी अवस्था मधल्या पानांत कळते.

हल्ली यंत्राकडून लिहून किंवा भाषांतर करून आणलेला मजकूर येतो आणि ‘आता फक्त नजर टाका’ म्हणतात. मी त्याला पुनर्लेखनाचा दर सांगते. तो मजकूर गुळगुळीत असतो आणि चुका गुळगुळीतपणाच्या आत लपलेल्या असतात. एका लेखात भंडाऱ्यातला पवनी तालुका गोंदिया जिल्ह्यात गेला होता. वाक्य मात्र इतकं सफाईदार, की डोळा घसरून पुढे जावा.

लिहून घेणं

माझं पहिलं मोठं काम एका गौरवग्रंथाचं होतं. १७६ पानं, अकरा फर्मे. बोलणं चहावर झालं.

‘ताई, तुम्ही तर एका रात्रीत अख्खा पेपर काढत होत्या. हे तर पुस्तकच आहे न! पाहून घ्या एकदा.’

मीही फुशारून गेले. दुसऱ्या प्रूफनंतर एका पुतण्याचा लेख आला. तिसऱ्या प्रूफनंतर जावयाच्या भावाची कविता. मग कळलं की थोरल्या आत्यांचा फोटो धाकटीच्या आधी हवा. पानं झाली १९२, मजकूर पाच वेळा हलला, आणि पाच आठवड्यांच्या पैशांत मी अकरा आठवडे काम केलं. त्यांची चूक नव्हती. ‘एकदा’ म्हणजे काय हे मी विचारलंच नव्हतं.

आता मी करारनामा वगैरे शब्द वापरत नाही, माणसं बिचकतात. ‘कामाचं पत्र’ म्हणते आणि ईमेलवर पाठवून ‘मान्य’ असं उत्तर मागते. त्यात असतं: शब्दसंख्या किती, कोणत्या प्रकारचं संपादन, किती फेऱ्या (माझ्या दोन), मजकूर एकदा गोठला की नंतर आलेल्या पानाचा दर वेगळा, अंतिम निर्णय एकाच माणसाचा आणि त्याचं नाव, रक्कम निम्मी आधी, पाव पहिल्या फेरीनंतर, पाव छपाईला पाठवण्याआधी. शेवटचा पाव छपाईनंतरवर ढकलू नका. प्रकाशन समारंभाच्या हारतुऱ्यांत तो विरतो.

तथ्यांची जबाबदारी कुणाची हेही लिहा. मी नावं, तारखा, गावं तपासते, पण ‘साहेबांनी १९७४मध्ये मंत्र्याला सुनावलं होतं’ याची हमी लेखकाची.

आणि तुम्ही लिहिलेल्या मजकुराचा हक्क द्यायचा असेल तर तो कशासाठी आणि किती काळ, हे लेखी हवं. कायद्यानं हक्काचं हस्तांतरण लेखीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. दुसऱ्याच्या नावानं लिहून देत असाल तर तेही पत्रात स्पष्ट असू द्या, आणि मग चारचौघांत ‘ते मीच लिहिलंय’ म्हणू नका. नागपूर मोठं झालं तरी गाव आहे.

हत्यारं

दैनिकांत वर्षानुवर्षं जुन्या फाँटवर काम झालं. बाहेर युनिकोड लागतो. इनस्क्रिप्ट (देवनागरी टंकण्याची कळफलकाची मांडणी) येत नसेल तर महिनाभर रोज अर्धा तास देऊन शिका. आयुष्यभर हात मोकळा होतो. लेखक जुन्या फाँटमधली फाइल देतील तेव्हा रूपांतर केल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’ डोळ्यांनी तपासा, तिथंच तुटतं. मांडणी करणारा पुन्हा जुन्या फाँटमध्ये नेणार असेल तर शेवटचं प्रूफ वाचल्याशिवाय सोडू नका. बदल दाखवत संपादन करा, म्हणजे वर्डमधलं ट्रॅक चेंजेस. ते लेखकाला दाखवल्यावर ‘काय केलं एवढं’ हा प्रश्न येत नाही.

शुद्धलेखनाचा आधार मराठी साहित्य महामंडळाचे नियम: १९६२चे चौदा आणि १९७२मध्ये जोडलेले चार. पण नियमांनी सगळं सुटत नाही. प्रत्येक कामाचा एक कागद करा: ‘केले’ की ‘केलं’, अंक देवनागरी की इंग्रजी, ‘डॉ.’ कुणाला लावायचं, बोलीतले शब्द ठेवायचे का. वऱ्हाडी, झाडीबोलीतला संवाद ‘शुद्ध’ करायची खुमखुमी आवरा. ‘काहून’चं ‘का बरं’ केलंत तर पुस्तकातली आजी सदाशिव पेठेतली होते.

कागदपत्रं आणि वसुली

वेगळं बँक खातं, क्रमांक असलेलं बिल, आणि ओळखीतला एक सनदी लेखापाल. व्यावसायिक शुल्क एका संस्थेकडून वर्षाला ५०,००० रुपयांपुढे गेलं की ती साधारण दहा टक्के कर कापून पैसे देते. तो तुमचाच असतो. विवरणपत्र भरताना जुळवून घ्या. कापून उरलेला कर १०,०००पेक्षा जास्त होणार असेल तर आगाऊ कर भरायचा असतो, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना. सेवांसाठी जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. व्यवसाय कराचं विचारून घ्या. अनुमानित उत्पन्नाच्या (पूर्ण हिशेबाऐवजी जमेचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरण्याच्या) तरतुदीत आपलं काम कुठं बसतं हेही पहिल्याच वर्षी ठरवा, दरवर्षी बदलत बसू नका.

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर होते, फुकट. ती पहिलं काम घेण्याआधी करा. कारण २००६च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्यानं खरेदीदारानं ठरलेल्या मुदतीत, आणि कितीही झालं तरी ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात; लेखी मुदत नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. मी तक्रार एकदाही केलेली नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि या तरतुदीची एक ओळ छापते. लेखा विभागातला माणूस ती ओळ वाचतो आणि फाइल थोडी वर ठेवतो.

तरीही पैसे थकतात. तेव्हा साहेबांना फोन करू नका, साहेब ‘हो हो, सांगतो’ म्हणतात. बिल कुणाच्या टेबलावर आहे ते शोधा. इतकी वर्षं मंत्रालयापासून महापालिकेपर्यंत फाइल कुठं अडली हे शोधत होतोच की आपण.

दैनिकात अजून लिहीत असाल तर

अनेक जण स्तंभ सुरू ठेवतात, मीही ठेवला. एक रेघ मात्र पाळा: ज्याच्याकडून पैसे घेता त्याच्याविषयी दैनिकात लिहायचं नाही, चांगलंही नाही. एका दवाखान्यानं पत्रकांचं काम देताना ‘आणि मॅडम, जरा तुमच्या सदरात’ असं सुचवलं होतं. मी दोन्हीपैकी एक निवडा म्हणाले. त्यांनी पत्रकं निवडली, कारण मराठी त्यांना खरंच लागत होतं.

पहिलं वर्ष संपल्यावर

रात्रपाळीचं शरीर वर्षभर तरी दिवसाला सरावत नाही. मेच्या उन्हात दुपारी डोकं चालत नाही, कूलरच्या आवाजात प्रूफ वाचून माझे दोन पानक्रमांक निसटले होते. आता उन्हाळ्यात मी पहाटे पाच ते दहा बसते. दिवसाचे तेच पाच तास.

मार्च संपला की वही काढा. प्रत्येक ग्राहकापुढे दोन आकडे: मिळालेले पैसे आणि गेलेले तास. भागाकार करा. यादीत सगळ्यात खाली जो असेल तो बहुतेकदा सगळ्यात गोड बोलणारा निघतो. त्याला यंदापासून नवा दर कळवा, आणि जमत नसेल तर त्याच पत्रात नुकतीच नोकरी सुटलेल्या एखाद्या सहकाऱ्याचा नंबर द्या, सहकाऱ्याला आधी विचारून. सोबत आपल्या ‘कामाच्या पत्रा’चा नमुनाही त्याला पाठवून द्या.